रेडिओची चौथी काच

वर्सोवा,
रविवार, १५ जून २०२५

शेवंते,

सगळ्यात आधी आली ती सुगंधा. बोलावलं होतं कोणी? कोणी नाही. पाहुणे अकराला यायचे, ही माझी नणंद दहालाच ओट्यावर हजर, स्वतःच्या घरातला चहा कपात घेऊन. म्हणते, "वहिनी, तुझा डबा बघायला कोण येणार म्हणे?"

डबा! छप्पन्न वर्षं झाली गो, अजून डबाच म्हणते.

थांब, आधी हे सांगते की पत्र का. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की रोशनी म्हणते, आई, हळू, खाली मासेवाल्या थांबून ऐकतायत. सुनेचं मन राखायला हवं. म्हणून लिहिते. तुझी कल्पिता अंधेरीला ऑफिसला येते, ती येता-जाता पत्रं नेईल. तिला बजावलंय, वाचायचं नाही. वाचणारच. कल्पिता, वाचत असशील तर छत्री राहिलीय तुझी आमच्याकडे.

तर झालं असं. आपल्या बाबांचा रेडिओ कपाटावर आहे ना, त्याच्यावर आमची मांजर झोपते. रोशनीने त्या मांजरीचा फोटो फोनवर टाकला. सगळ्यांनी मांजर बघितली, एका बाईने फक्त रेडिओ बघितला. रेवती नाव तिचं, मुलुंडची. काचांचे जुने रेडिओ दुरुस्त करते, छंद आहे. आतमध्ये बल्बासारख्या काचा असतात, त्या तापल्या की मग आवाज येतो. व्हॉल्व्ह म्हणतात त्याला, पण आपण काचाच म्हणू. तिने रोशनीला विचारलं, बघायला येऊ का? मी म्हटलं, ये, आणि नुसती बघू नको, बोलता कर त्याला.

तुला आठवतंय ना ग? माझं लग्न झालं, मढवरून आपल्या होडीतून मला आणि रेडिओला एकत्रच खाडीपार आणलं. त्याला पण हार घातला होता. इथे टेबलावर ठेवला, अर्धा कोळीवाडा जमला, माझ्या ह्यांनी खटका फिरवला. आकडे उजळले. सगळे गप्प. रेडिओ पण गप्प. तासभर सगळे बसून राहिले. मग सासू म्हणाली, "बापाने पोरीला डबा दिलान." त्या दिवसापासून तो डबा. सासूने कधी पाठ उघडू दिली नाही, म्हणाली मेलेल्याचं पोट फाडायचं नाही. सासू गेली, हे पण गेले, आता सुगंधाने डबा पुढे चालवलाय.

मला एवढंच हवंय शेवंते. एकदा सुगंधाच्या समोर त्याने बोलावं. काहीही बोलू दे, बाजारभाव सांगू दे. बाबांनी मोडका दिला नव्हता हे तिच्या कानांवर पडलं की झालं. मग माझ्यामागे रोशनीने त्याच्यात तुळस लावली तरी चालेल.

हां, तर रेवती आली. बरोबर तिचा नवरा देवेश, उंच माणूस, हातात पेटी. मटण-मासे खात नाही बिचारा. तिने रेडिओची पाठ उघडली आणि आतून भसकन जवळा पडला. किलोभर असेल. अगो, मांजर डबे उघडते म्हणून मी पाठीच्या फटीतून सुका जवळा आत ठेवायची, ते विसरूनच गेले होते. कधीचा आहे देव जाणे. देवेश रुमाल नाकाला लावून ओट्यावर गेला तो परत आत आलाच नाही. रेवती हसत होती. सुगंधा म्हणाली, "पिन लावून तर बघा, डबाच आहे," आणि पिन हातात घेतली. रेवती ओरडली ना! म्हणाली, इतकी वर्षं बंद असलेला रेडिओ सरळ बोर्डात लावायचा नसतो. वायरचं रबर बिस्किटासारखं पडतंय, करंट साठवून ठेवणारे आतले कंडेन्सर सुकलेत, आग लागेल. म्हणाली, कोणाचा मोह नको, आणि कात्रीने पिनच कापून पर्समध्ये टाकली. मला आवडली बाई.

हे बाबांनी बघायला हवं होतं. बाबा असते तर कापलेल्या वायरलासुद्धा होडीचा उरलेला हिरवा रंग लावला असता. काय नाही रंगवलं त्यांनी? पाट, ट्रंक, शेजारच्या बकरीचं शिंग.

जवळा साफ करून आत नीट बघते म्हणाली. पुढच्या रविवारी येतायत.

तुझी
सोनूबाय

---

गोराई,
बुधवार, १८ जून

बाय,

पत्र मिळालं. कल्पिताने वाचलं नाही म्हणते, पण छत्रीचं विचारत होती.

मला विचारशील तर त्या रेडिओच्या मागे लागू नकोस. जुनी वस्तू आहे. त्यात करंट साठून राहतो, असं इथल्या वायरमनने सांगितलं, मी मुद्दाम विचारलं. तुला झटका बसला तर? पंचाहत्तरी आली तुझी. परक्या लोकांनी पाठी उघडाव्यात, आत हात घालावेत, मोजदाद करावी, हे हवंय कशाला? तुझ्या सासूबाईंचं बरोबर होतं, पहिल्यांदाच म्हणते मी हे.

सुगंधाचं काय मनावर घेतेस? ती मीठ खारट आहे म्हणून पण कुरकुरते.

भंगारवाल्याला देऊन टाक. कपाट मोकळं होईल. मांजरीला उशी घे.

माझा गुडघा बरा आहे. डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललंय, जवळचं धूसर दिसतं. भिंग लावून लिहिते.

शेवंती

ता. क. त्या बाईने आत बघून काही म्हटलं तर कळव. सहज विचारते.

---

वर्सोवा,
सोमवार, २३ जून

शेवंते,

तू किती काळजी करतेस ग माझी! वायरमनला जाऊन विचारलंस, मला रडूच आलं. रोशनीला वाचून दाखवलं.

पण काळजी नको. रेवती फार सांभाळून करते. आणि काल माझी इतकी फजिती झाली की तुला सांगितल्याशिवाय भात गिळत नाही.

तिने नवी वायर लावली, फ्यूज लावला, सुकलेले कंडेन्सर काढून नवे बसवले. मग म्हणाली, आता करंट द्यायचा, पण सरळ नाही. वाटेत एक बल्ब जोडायचा. करंट आधी बल्बातून जातो, मग रेडिओत. रेडिओत काही बिघाड असला तर बल्ब भक्कन पेटतो आणि सगळा मार स्वतः खातो, रेडिओ वाचतो. मी म्हटलं, कळलं, म्हणजे मोठी सून. रोशनी मोठ्याने हसली. जरा जास्तच मोठ्याने हसली.

पण तो बल्ब जुना पिवळा लागतो, तारेचा. तिच्याकडचा येताना फुटला. हल्ली सगळ्यांकडे पांढरे. अख्खा वाडा पालथा घातला, आणि पिवळा बल्ब सापडला कुठे? सुगंधाच्या न्हाणीघरात! सुगंधा म्हणाली, "माझा बल्ब डब्यासाठी?" पण चार बायका बघत होत्या, नाही कसं म्हणेल? काढून दिला. तेव्हापासून अंधारात आंघोळ करते आणि भिंतीपलीकडून मला सांगते की ती अंधारात आंघोळ करते.

फजिती ऐक आता. करंट दिला आणि रेवती आत काठीसारखं काहीतरी लावून बघायला लागली. उजव्याच हाताने. डावा हात सगळा वेळ पाठीमागे, हलवतच नाही. मला इतकं वाईट वाटलं! एवढी हुशार बाई आणि एक हात असा. मी काही बोलले नाही, आपण बोलू नये. काम थांबलं तेव्हा ताट आणलं, भात कालवला, मासा काट्यातून सोडवला आणि घास तिच्या तोंडात दिला. तिने खाल्ला. दुसरा दिला. तो पण खाल्ला. पाच घास झाल्यावर तिने डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला.

मी किंचाळले.

मग तिने सांगितलं, चालू रेडिओत काम करताना एक हात मागे ठेवायचाच असतो. दोन्ही हात आत असले आणि झटका बसला तर तो एका हातातून छातीतून दुसऱ्या हातात जातो. एक हात मागे असला की काळीज वाचतं. म्हटलं, मग घास कशाला खाल्लेस बये? तर म्हणते, "आजी, आई गेल्यापासून कोणी भरवलं नव्हतं. मला वाटलं तुमच्याकडे पद्धत असेल." देवेश दारातून बघत होता, दोन रुमाल लावून.

आता मुद्द्याचं. बल्ब एकदा जोरात पेटला आणि हळूहळू मंद झाला. म्हणजे चांगलं. आतल्या काचांत लाल उजेड आला, निखाऱ्यासारखा. पण आवाज नाही. रेवतीने टॉर्च मारली आणि म्हणाली, "आजी, इथे पाच काचांची जागा आहे. काचा चारच आहेत. चौथी कुठाय?"

चौथी काच नाही ग! जवळ्याबरोबर गेली की काय? मी वाड्यात सांगितलं, बोटभर काच, कोणाला दिसली तर आणा. काय काय आणलं लोकांनी! फ्रिजमधला बल्ब, अत्तराची कुपी, इंजेक्शनच्या दोन बाटल्या, एकाने होडीवरचा दिवा. सुगंधा म्हणाली, "नसेलच दिली बापाने. चार दिल्या, एक वाचवली."

रात्रभर ते वाक्य टोचत होतं मला. रेवती शोधतेय, पण त्या नंबराची काच मिळत नाही म्हणते. पुन्हा येते म्हणालीय रविवारी. तू पण आठवून बघ. मढला घरात तू होतीस, तुला काही आठवतं?

सोनूबाय

---

गोराई,
शनिवार, २८ जून

बाय,

मला काही आठवत नाही. मी चौदा वर्षांची होते, चौदाव्या वर्षी काय लक्षात राहतं?

योगायोग बघ. आमच्या शेजारचा चोरबाजारात गेला होता. मी त्याला म्हटलं, अशी अशी काच दिसली तर बघ, वर चंदेरी टोपी असते, खाली काळं बूड आणि बारीक पाय, एक पाय किंचित वाकडा. त्याला मिळाली. लगेच मिळाली. कल्पिताकडे देते आहे, कापसात आहे, आपटू देऊ नको.

कोणाला सांगू नकोस की मी पाठवली. एवढं काही मोठं नाही. चोरबाजारात खूप असतात अशा.

बोलला तर बोलला, नाही तर नाही.

शेवंती

---

वर्सोवा,
सोमवार, ३० जून

शेवंते,

काच पोचली. फुटली नाही. कल्पिता ती पोटाशी धरून आली, म्हणाली लोकांना वाटलं हिला काहीतरी दुखतंय.

काल रेवती आली. काच बघून नाचायची बाकी राहिली. हाच नंबर! यंत्रावर तपासली, म्हणाली जिवंत आहे, जणू काल काढल्यासारखी. मग तिने काच उलटी केली आणि म्हणाली, "आजी, गंमत बघा. तुमच्या चार काचांच्या बुडांवर हिरवे ठिपके आहेत. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, पाचवीवर पाच. मला वाटलं कुठल्या मेकॅनिकने केलेत. आणि ही तुमची बाजारातली काच. हिच्यावर चार."

मी हातात घेतली. शेवंते, चारच होते. हिरवे.

आठवलं मला. एकदा बाबांनी पुसायला सगळ्या काचा काढल्या आणि कुठली कुठे हे विसरले, मालाडहून माणूस बोलवावा लागला. त्यानंतर त्यांनी ठिपके दिले, होडीचा रंग उरला होता त्याचे. निमित्त होडी रंगवायचं आणि रंगवली काच.

तुझ्या शेजाऱ्याला विचार ना ग जरा. चोरबाजारात आपल्या होडीचा रंग कुठल्या गल्लीत मिळतो?

रेवती काच बसवायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. ती थांबली. रेडिओ गप्पच आहे.

सोनूबाय

---

गोराई,
बुधवार, ९ जुलै

बाय,

दहा दिवस लिहीन लिहीन म्हणते आहे. भिंगातून मला ठिपके दिसले नाहीत, मला वाटलं माती आहे. दिसले असते तर घासून काढले असते, हे पण खरंच लिहिते.

मी काढली. तुझ्या लग्नाच्या पहाटे. घरात सगळे हळदीच्या गडबडीत, रेडिओ ओटीवर हार घालून ठेवलेला. पाठ उघडून हाताला लागली ती पहिली काच ओढली आणि परकराच्या ओच्यात घातली.

मला राग नव्हता आला, तसं समजू नकोस. म्हणजे आला होता, रेडिओ मला हवा होता, गाणी मीच ऐकायची, तू तर झोपायचीस. पण ते नव्हतं. एकाच होडीतून तू पण जाणार आणि तो पण. घरात मी, बाबा आणि जाळी. मला वाटलं, एक काच काढली की तो बिघडेल. बिघडला की तू दुरुस्तीला परत घेऊन येशील मढला. रेडिओ जड, एकटीला उचलायचा नाही, म्हणजे मुक्कामाला येशील. मी रोज संध्याकाळी धक्क्यावर बघायची. कोणी आणलाच नाही. मग ऐकलं की तुला डबा म्हणतात, त्याच्यानंतर सांगायचं तोंडच राहिलं नाही. जितकी वर्षं गेली तितकं जड झालं.

तांदळाच्या डब्यात ठेवली होती, हलू नये म्हणून. माझ्याबरोबर गोराईला आली. दर दिवाळीला पुसायची. नातवंडांना सांगितलंय की ती देवीची आहे, हात लावला की ताप येतो.

तुझी बोलणी मी खाल्ली नाहीत, तू खाल्लीस. सुगंधाला सांग खरं काय ते. बाबांचं नाव साफ होऊ दे. मी येत नाही तिकडे, तोंड दाखवायला.

शेवंती

---

वर्सोवा,
शुक्रवार, ११ जुलै

अगो वेडे,

आधी रडले. रोशनी धावत आली, म्हणाली काय झालं, मी म्हटलं कांदा. समोर कांदा नव्हता. मग एकदम डोळ्यांसमोर आलं, तू परकराच्या ओच्यात काच घेऊन पंगतीत जिलेबी वाढत होतीस ना? म्हणून माझ्या सासरच्यांना वाढताना इतकी वाकडी चालत होतीस! माझी सासू म्हणाली होती, धाकटीच्या पायात दोष दिसतो. तेव्हापासून जे हसायला आलं ते मांजर पळून गेली तरी थांबेना.

बोलणी खाल्ली, हो, खाल्ली. खोटं नाही लिहीत. पहिली दोन-तीन वर्षं मी पण बाबांवर रागावले होते मनातून. ते तेवढं टोचतंय, बाकी काही नाही. आणि रेडिओ घेऊन परत यायचं मला सुचलं नाही गो. सुचायला हवं होतं. बोट दर तासाला होती.

आता ऐक, मी काय केलं. सुगंधाला खरं सांग म्हणालीस. मी विचार केला, ही बाई छप्पन्न वर्षं डब्यावर जगली, आता तुझ्यावर शंभर वर्षं जगेल. म्हणून वेगळं सांगितलं. म्हटलं, "सुगंधा, कोडं सुटलं. चौथी काच बाबांनी स्वतःच्या हाताने धाकटीजवळ ठेवली होती. म्हणाले होते, एकीकडे रेडिओ, एकीकडे काच, म्हणजे दोघी बहिणी एकत्र आल्याशिवाय तो बोलणार नाही. आम्हाला विसर पडला."

ग बाई! सुगंधा गप्प. मी तिला गप्प बघितलंच नव्हतं कधी, घाबरले, पाणी आणलं. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "केवढा विचारी माणूस गो! आणि आम्ही डबा म्हणत होतो." संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला माहीत. मासेवाल्या माझ्याकडे बघून हात जोडतायत. एकीने आपल्या दोन पोरींना मिक्सर आणि त्याचं भांडं वेगवेगळं द्यायचं ठरवलंय. आणि सुगंधा काल रिक्षाने भावाच्या घरी गेली, माझ्या धाकट्या दिराकडे, विचारायला की आपल्या बापाने पण माझ्यासाठी काही राखून ठेवलंय का. दिराने कपाट उघडून सगळं दाखवलं बिचाऱ्याने. तिचे जुने मोजे निघाले एका डब्यात. तेच छातीशी धरून आली.

तेव्हा तुझ्यासमोर आता दोनच वाटा. नाही आलीस तर बाबा खोटे पडतात. दुसरी वाट, ये.

काच मी तांदळात ठेवलीय, तुझ्यासारखीच. रेवती म्हणते, बसवायची तर रेडिओची पिन काढलेली असताना, आतला साठलेला करंट तिने उतरवल्यावर, मग कोणीही बसवलं तरी चालेल, पाय जुळले की आपोआप बसते. तू बसवायचीस. वाकडा पाय कुठला ते तुझ्या बोटांना ठाऊक आहे, डोळे धूसर असले तर असू देत. मग पाठ लावायची, मग मोठ्या सुनेतून करंट, म्हणजे सुगंधाच्या बल्बातून. बल्ब मंद झाला की काचा तापेपर्यंत आपण दोघी समोर बसायचं. अर्धा मिनिट लागतो म्हणे. छप्पन्न वर्षांत अर्धा मिनिट काय ते. आणि नाहीच बोलला तर रेवती बघेल, तो तिचा प्रश्न. तू आणि मी बोलू.

बल्ब मात्र त्याच दिवशी परत द्यायचाय, सुगंधा काल अंधारात साबणाऐवजी दगड घासत होती म्हणे. पाय घासायचा दगड, तोंडाला. तिनेच सांगितलं.

श्रावण लागायच्या आत यायला हवंस, मी कोळंबी करते. देवेशसाठी वाल. तो आता एकच रुमाल आणतो. कल्पिता तुला जेट्टीवरून रिक्षात बसवेल. कल्पिता, वाचतेच आहेस तर लक्षात ठेव. छत्री तेव्हाच ने.

सुगंधा दहाला येऊन बसणार, कप घेऊन, ते काही चुकत नाही. पण ह्या वेळी तिने दारात येऊन बघावं तर ओट्यावर तू आधीच बसलेली असावीस, एवढं माझ्यासाठी कर. नऊला ये. रेवती आणि देवेश अकराला येतो म्हणालेत, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, वीस जुलैला.

तुझी
सोनूबाय